मलपृष्ठाचा भाव

‘देवळी’ हा दिवाळी अंक मी एकतीस वर्षं काढतो आहे आणि त्याच्या खपाचा खरा आकडा मी आजवर कुणालाही सांगितलेला नव्हता. व्यासपीठावर मी पाच हजार म्हणायचो, लेखकांना तीन हजार सांगायचो, आणि मानधनाचा विषय निघाला की ‘यंदा जरा बेतानंच छापतोय’ असं पुटपुटायचो. खरा आकडा सहाशे. तो मला ठाऊक होता आणि कराडच्या माझ्या छापखान्याला. २०४१च्या श्रावणात तो सरकारलाही कळला.

कळवलं ‘पाझर’नं. लाचेचा माग काढणारं हे सरकारी यंत्र दोन वर्षांपूर्वी सुरू झालं तेव्हा मी त्याच्यावर एक खुसखुशीत लेख लिहिला होता. त्यात मोठमोठ्या लोकांची भरपूर टर उडवली होती. आपल्यासारख्या साहित्यसेवकाचा त्याच्याशी काही संबंध येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

नोटीस फोनवर आली. ‘अंक : देवळी. मलपृष्ठ, रंगीत, एक. दिलेली रक्कम तीन लाख. वाजवी किंमत अकरा हजार चारशे. वाढावा दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार सहाशे. वाढावा सलग बारा वर्षे. वाढाव्याची संभाव्य वाट : श्रीमती वैजयंती सदानंद पेठकर, चाचणी अधिकारी.’

खरं सांगतो, मला आधी राग आला तो अकरा हजार चारशेचा. एकतीस वर्षं, दोन पुरस्कार, तीन परिसंवाद, आणि मलपृष्ठाचा भाव अकरा हजार चारशे. शेवटची ओळ मी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कुठे ते नाव माझ्या बायकोचं आहे हे डोक्यात शिरलं. ह्या क्रमाची मला अजून लाज वाटते.

वैजयंती सांगलीला पाईपच्या चाचणी-प्रयोगशाळेत होती. सरकारी पाणीयोजनांसाठी घेतलेला प्रत्येक पाईप तिथं येतो. दोन्ही तोंडं बंद करून त्यात पाणी भरतात, दाब वाढवत नेतात आणि पाईपला कुठे घाम फुटतो का ते बघतात. मग ती कागदावर तीन शब्दांपैकी एक लिहिते : मान्य, अमान्य किंवा पुन्हा चाचणी. आठवडाभर ती सांगलीला खोली घेऊन राहायची आणि शनिवारी घरी यायची. नोव्हेंबरअखेर ती निवृत्त होणार होती.

आणि आमचं मलपृष्ठ बारा वर्षं घेत होते तोडकरशेठ. त्यांचा कारखाना पाईपचा.

तुम्ही म्हणाल, एवढं समोर असून दिसलं नाही? दिसत होतं. पण बायको पाईप तपासते ही गोष्ट मी एका खिशात ठेवली होती आणि तोडकर पाईप बनवतात ही दुसऱ्या. बारा वर्षांपूर्वी तोडकरशेठ स्वतः घरी आले, सतरंजीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, “सर, तुमचा अंक म्हंजे आपल्या भागाचं भूषण.” माणसाला भूषण म्हटलं की तो पुढचे प्रश्न विचारत नाही. सुरुवातीला एक लाख, मग दीड, मग तीन. दर वेळी रक्कम वाढली की मी अंकाची पानं वाढवली आणि संपादकीय आणखी लांब लिहिलं.

त्या शनिवारी वैजू आली ती मोठी बॅग घेऊन. तिला सक्तीच्या रजेवर पाठवलं होतं. तिनं चप्पल काढली, पाणी प्यायली आणि किराणाच्या यादीच्या पाठीवर मला पाझर समजावून सांगू लागली. गळती हा तिचा रोजचा विषय, त्यामुळे आवाज अगदी शांत.

“समजा डोंगराच्या पायथ्याला एक विहीर आहे आणि खाली गावात दहा विहिरी. वरच्या विहिरीत रंग टाकायचा. खालच्या कुठल्या विहिरीला रंग येतो ते बघितलं की जमिनीखालनं पाणी कुठं जातं ते न खणता कळतं. पाझर पैशाचं तेच करतो.”

“पण रंग कुठला?”

“वाढावा. तुमच्यासारखे चारशे अंक आहेत. कुणी कागद किती घेतला, प्रती किती काढल्या, जाहिरातीला किती घेतले, ते सगळं त्याच्याकडं आहे. त्यावरनं तो वाजवी किंमत काढतो. त्याच्यावरचे जे पैसे, तो वाढावा. वाढावा म्हणजे गुन्हा नव्हे, माणूस हौसेनंही जास्त देतो. तो नुसता रंग. खरं काम पुढंच आहे. पैसे देणाऱ्याचं नंतर काय काय सोपं झालं? नापास माल पास झाला का? अडलेलं बिल सुटलं का? आणि त्याच्यासारखेच जुळे कारखाने, ज्यांनी कुणाला एक पैसा दिला नाही, त्यांचं त्याच काळात काय झालं? दोघांत फरक निघाला तर पाझर लागला. नाही निघाला तर नाही.”

“मग लगेच कळेल की.”

“वाजवी किंमत दोन मिनिटांत निघते. हे दुसरं चाळीस दिवस घेतं. बारा वर्षांचे जुने कागद त्याला वाचायला द्यावे लागतात.” तिनं यादी उलटी करून ठेवली. “अहो, तीन लाख कशाचे देतो तो तोडकर?”

“अंकाचे,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. ती मला साहवेना म्हणून मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. “वैजू, तू कधी त्याचा एखादा लॉट... म्हणजे थोडंफार इकडेतिकडे...”

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

पाझर लागला असता तर तिची पेन्शन थांबली असती, आणि नाव भ्रष्टांच्या यादीत छापून आलं असतं. पेन्शनचं आम्ही निभावून नेलं असतं. पण पस्तीस वर्षं जिच्या सहीवर गावोगावचे लोक पाणी पितात त्या बाईचं नाव जाणार होतं, तेही माझ्या अंकाच्या मागच्या पानापायी. आणि अशा वेळी तिच्या नवऱ्यानंच पहिला संशय घेतला होता. मी माफी मागायचे चार मसुदे मनात तयार केले. सगळे संपादकीयासारखे झाले, म्हणून एकही बोललो नाही.

ती एवढे दिवस सलग घरी पहिल्यांदाच होती. आठवड्याभरात घरातले सगळे नळ दुरुस्त झाले. गच्चीवरची टाकी, न्हाणीघरातला कोपरा, शेजारच्या काकूंचा बेसिन, सगळं झालं. बोलणं मात्र ‘जेवायला वाढलंय’ आणि ‘गॅस आला’ एवढंच.

विसाव्या दिवशी चौकशी अधिकारी आल्या. नुपूर बनसोडे, वय फार तर तीस, खांद्याला कापडी पिशवी. चहा नको म्हणाल्या, पाणी घेतलं. यंत्राचं काम यंत्र करत होतं, ह्यांचं काम माणसांना विचारायचं.

“मॅडम, तोडकरांची जाहिरात तुमच्या मिस्टरांच्या अंकात असते हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“नोटीस आली तेव्हापासून.”

“जाहिरात बारा वर्षं मलपृष्ठावर आहे. अंक ह्याच घरातून निघतो.” बनसोडेबाईंचा सूर सभ्य होता, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. मलाही पटलं नव्हतं. मी दर वर्षी अंकाची पहिली प्रत वैजूच्याच हातात देत आलो होतो.

वैजू उठली. मग आत जाऊन तिनं कपाट उघडलं आणि साड्यांच्या खालून एक लाल कापडाचं गाठोडं आणलं. जड होतं. तिनं ते टीपॉयवर ठेवून सोडलं.

आत ‘देवळी’चे अंक होते. एकतिसच्या एकतीस. प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं, कुंकवानं काढलेलं स्वस्तिक, आणि चारी बाजूंनी हळदीचा दोरा बांधून घट्ट गाठ मारलेली. काहींच्या दोऱ्यात आंब्याचं वाळलेलं पान होतं. एकाचीही गाठ सुटलेली नव्हती. गाठी मी ओळखल्या. त्या मीच मारल्या होत्या.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला वह्यांच्या जागी अंकाची पहिली प्रत पाटावर मांडतात. मी तिची पूजा करतो, दोरा बांधतो आणि आरती झाली की ती वैजूच्या हातात देतो. वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट मी तिला देतो असं मला वाटायचं.

“पहिल्या वर्षी हे म्हणाले होते,” वैजू बनसोडेबाईंना सांगत होती, “की ही लक्ष्मीची प्रत. म्हणून मी ती कधी उघडली नाही. पूजेची प्रत कोण वाचतं? पाटावर पालथी बाजू खाली असते, आणि नंतर लगेच कापडात बांधते. आणि भाऊबीज झाली की मी सांगलीला.”

“दुसरी प्रत नाही घेतली कधी?”

“दिली नाही कुणी,” वैजू म्हणाली.

तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून. एकतीस वर्षं मी वाचक शोधत नागपूरपासून सावंतवाडीपर्यंत हिंडलो होतो. घरात एक होती, तिला मी दर वर्षी गाठ मारून अंक दिला होता.

बनसोडेबाईंनी परवानगी घेऊन एक प्रत हातात घेतली, गाठ न सोडता उलटी केली. मलपृष्ठावर निळे पाईप, मध्ये तोडकरशेठचा हसरा फोटो. वैजू तो फोटो वाकून बघत होती. बनसोडेबाई म्हणाल्या, “यंत्र हे मोजत नाही, पण मी लिहून घेते.” मग त्यांनी चहा चालेल म्हणून सांगितलं.

त्या गेल्यावर मी वैजूला म्हणालो, “मी तुला विचारलं ते चुकलं. तुझ्याबद्दल मला शंका यायला नको होती. आली, कारण मला स्वतःचीच खात्री नव्हती.” मसुदा वगैरे काही नाही, तसंच निघालं तोंडातून.

“आपण वाट बघू,” ती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं माझ्या ताटात स्वतःच्या हातानं लोणचं वाढलं.

एकेचाळिसाव्या दिवशी बनसोडेबाई कागद घेऊन स्वतः आल्या. फोन करता आला असता, पण त्यांना यावंसं वाटलं असणार. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं.

एक पैसाही न दिलेले अकरा जुळे कारखाने यंत्राला सापडले होते. त्यांचे शंभरातले एक्क्याण्णव लॉट मान्य झाले होते. तोडकरांचे नव्वद. नापास झाल्यावर पुन्हा चाचणीला लागलेले दिवस सारखे, बिलांचे दिवस सारखे. बारा वर्षं रंग ओतला गेला होता आणि खालच्या विहिरीतलं पाणी होतं तसं स्वच्छ होतं. ‘चाचणी अधिकाऱ्याकडे पाझर नाही.’

वैजूनं पदरानं चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

“आणखी एक आहे, सर,” बनसोडेबाई माझ्याकडे वळल्या आणि हसू दाबायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. “तुमच्या अंकात एक पाझर सापडलाय. गोविंद आपटे, निवृत्त मुख्याध्यापक. पाव पान शुभेच्छा, पाच हजार. वाजवी किंमत नऊशे. वाट : कविता, दर वर्षी एक, गेली सोळा वर्षं. जुळ्या कवींच्या कविता परत गेल्या आहेत.”

म्हणजे अख्ख्या घरात भ्रष्ट निघालो तो मी. वैजू हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. चाळीस दिवसांचं साठलेलं हसू होतं, थांबेचना. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

पैसे कामासाठीच दिले होते असं तोडकरांनी चौकशीत कबूल केलं, म्हणून त्यांच्या मागल्या तीन वर्षांचा वाढावा मी सरकारजमा करायचा असा हुकूम झाला. तो भरायला मी गावाबाहेर घेऊन ठेवलेला प्लॉट विकला. आपटेगुरुजींना मी सांगितलं की जाहिरात नऊशेला, आणि कविता आवडली तरच. ते म्हणाले, “अरे सदा, मला वाटायचं, पैसे देतो म्हणून तरी तू मला टाळत नाहीस.” कविता मात्र त्यांनी पाठवली. पान भरायला काहीतरी हवंच होतं, म्हणून मी ती लावली.

तोडकरशेठ नवरात्रात आले. वैजूनं त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि दार सताड उघडं ठेवलं. शेठ थकलेले दिसत होते. त्यांचा कारखाना तीन वर्षं देखरेखीखाली राहणार होता, पण त्यांचं दुःख ते नव्हतं.

“मॅडम, एक विचारू का? आमचे पाईप आपलेआपणच पास होत होते?”

“बारा वर्षं,” वैजू म्हणाली. “शंभरात नव्वद.”

“आणि ते दहा?”

“पातळ होते.”

“ते मला माहीत आहे,” शेठ कबूल झाले. मग माझ्याकडे वळले. “सर, आमच्या दिवाणजींनी सांगितलं, बाई काही घेत नाहीत, पण त्यांच्या साहेबांचा अंक आहे. मी सुरू केलं. पहिल्याच वर्षी सगळे लॉट पास. मला वाटलं, लागू पडलं. ज्या वर्षी दोन-चार नापास झाले त्या वर्षी वाटलं, पैसं कमी पडलं. मग रक्कम वाढवली.”

“आणि मला वाटायचं, विशेषांक चांगला झाला म्हणून वाढवली,” मी म्हणालो.

बारा वर्षं हा माणूस स्वतःच्या पाईपवर भरवसा नव्हता म्हणून मला पैसे देत होता, आणि मी स्वतःच्या अंकाबद्दल मनात धाकधूक होती म्हणून ते प्रेमाने घेत होतो. त्याचे पाईप त्याला वाटत होते त्याहून चांगले होते. माझ्या अंकाचं उलट होतं.

“प्रत्येक लॉट सांगलीला गेला की माझं जेवण जात नव्हतं बघा,” शेठ म्हणाले. “आपला माल चांगला आहे हे मला सरकारी यंत्रानं सांगायला लागलं.” त्यांनी खिशातून एक कागद काढला. “यंदा मलपृष्ठ घ्यायचं आहे. यंत्राचा जो भाव असंल त्या भावानं. मजकूर मी लिवलाय.”

कागदावर लिहिलं होतं : ‘आमचे पाईप वशिल्याशिवाय पास होतात. शंभरात नव्वद.’

“हे ‘शंभरात नव्वद’ जाहिरातीत कोण लिहितं, शेठ?” मी विचारलं.

“खरं आहे ते,” वैजू म्हणाली. “राहू द्या.”

निघताना शेठ दारात थांबले. “येतो वहिनी,” म्हणाले. बारा वर्षांत पहिल्यांदा ‘मॅडम’ नाही.

यंदाचा ‘देवळी’ शहाण्णव पानांचा निघाला, कागद साधा. परिसंवाद नाही, पुढाऱ्यांचे संदेश नाहीत. लक्ष्मीपूजनाला मी नेहमीप्रमाणे एक प्रत पाटावर मांडली, हळदकुंकू लावलं, दोरा बांधला आणि ती देवाजवळच ठेवली. मग दुसरी प्रत वैजूच्या हातात दिली.

तिनं ती उलटसुलट केली. “ही वाचायची?”

“ही वाचायची.”

भाऊबीजेला तिचा भाऊ जेवून गेला आणि दुपारी ती खिडकीशी बसली, अंक मांडीवर, हातात पेन्सिल. मी पेपर उघडून समोर बसलो होतो. पेपरातलं एक अक्षर मला आठवत नाही. ती पानं उलटायची, मधेच थांबायची, मागे जायची. एकतीस वर्षांत कुठल्याही पुरस्काराच्या निकालाची मी अशी वाट बघितली नव्हती. चार वाजता तिनं चहा ठेवला आणि अंक माझ्यापुढे सरकवला.

अनुक्रमणिकेत प्रत्येक नावापुढे तिचं बारीक, सरळ अक्षर होतं. तीन कथा मान्य. एक अमान्य. प्रवासवर्णन पुन्हा चाचणी. आपटेगुरुजींच्या कवितेपुढे : मान्य.

“ही मान्य?”

“चांगली आहे की हो. विहिरीवर जुना रहाट आहे त्याच्यावर. तुम्ही नीट वाचली नाही का?”

मी नीट वाचली नव्हती. सोळा वर्षं मी त्यांची कविता जाहिरातीसारखी लावत आलो होतो. तिथेच उभ्याउभ्या वाचली. खरोखर चांगली होती. गुरुजींना फोन करायचं मी ठरवलं, आणि ते सांगताना लाज वाटणार हेही ठरलेलंच होतं.

मग धीर करून वरची पहिली ओळ बघितली. संपादकीय, सदानंद पेठकर : अमान्य.

“का?”

“दाब दिला की गळतंय. पहिल्याच ओळीत. ‘देवळीच्या हजारो वाचकांना’ लिहिलंय तुम्ही. सहाशे आहेत.”

“सहाशे एक,” मी म्हणालो. “यंदा एक प्रत जास्त छापून घेतली. छापखान्याला विचार हवं तर.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अंक ओढून घेतला आणि ‘हजारो’ला गोल करून समासात ६०१ असं लिहिलं. ‘अमान्य’ तेवढं तिनं खोडलं नाही.